शहागडचा पाटेवाला

बाबांची जुनी जीप मी दोन वर्षं अंगणात खोलून बसलो होतो. मागच्या स्प्रिंगचे पाटे, ब्रेक, सगळं मोबाईलवर बघून माझ्या हातानं बसवलं. तरी गाडी खड्ड्यात दणके द्यायचीच. शेवटी बाबांना घेऊन शहागडला, हायवेवरच्या एका मिस्त्रीकडे गेलो.

ब्रेक त्यानं एकदाच दाबून पाहिला. मग एकेक पाटा हातोडीनं वाजवून, मान तिरकी करून ऐकला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळले ना भाऊ? पाट्याच्या टोकाचं रबर पिळून बसलं. आधी तिला तिच्या पायावर उभी राहू द्या, मंग आवळा."

बरोबर बोलला, म्हणून जास्तच चीड आली. पण खरं खुपलं ते वेगळंच. दोन वर्षांत माझ्या कामाकडे न फिरकलेले बाबा त्याच्या शेजारी उकिडवे बसून, त्यानं न मागताच त्याला पाने देत होते.

परवा बाबांनी विचारलं, "जीप आवाज करून राह्यली का रे? शहागडला दाखवून आणू."

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो.

उजवा पाटा आठवडाभर करकरतोय.