मोहरीच्या किल्ल्याची विरळणी

आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, दिवाळीच्या सुट्टीत एक किल्ला खुरप्यानं काबीज केला. किल्ला मातीचा होता, अंगण आमचंच होतं आणि किल्लेदार मी, म्हणजे सीमाभागातल्या गुंजीजवळच्या एका मराठी शाळेतला चित्रकलेचा मास्तर.

त्याचं झालं असं. सुट्टीआधी हेडमास्तरांनी मला बोलावलं. "सर, दहावीचा, एसएसएलसीचा रिझल्ट वर काढायचाय. ड्रॉइंगचा तास गणिताला द्यावा म्हणतो. तुमचं काय असेल ते पालकसभेत दाखवा, मग ठरवू."

ही बातमी माझ्याआधी वर्गात पोचली. आठवीतली स्वाती, जी एरवी हजेरीसुद्धा मान हलवून भागवते, उठून म्हणाली, "सर, आमचा तास जाणार न्हाय न्हवं?"

"छे!" मी छातीठोकपणे सांगितलं. (छाती ठोकायला माझं काय जातंय!)

बेत असा होता. पोरांनी किल्ला करायचा, त्यावर मोहरी पेरायची आणि मी जुना मोबाईल समोरच्या खांबाला बांधायचा. तो थोड्या थोड्या वेळानं आपोआप फोटो काढणार आणि सगळे जोडून सिनेमा करणार. उजाड किल्ला डोळ्यांदेखत हिरवा होताना बघून पालक चाट! शाळेला सुट्टी, म्हणून किल्ला माझ्या अंगणात. पोरांनी बुरूज, दरवाजा, मावळे, सगळं झकास केलं. मोहरी वर आली तशी माझी मानही वर आली.

एके दिवशी सकाळी उठून बघतो, तर निम्मा किल्ला बोडका! शेजारी आप्पा खुरपं धूत होते.

"आप्पा, हे काय केलासा?"

"विरळणी केली. एवढं दाट पेरतंय व्हय रं कुणी? रोपाला वारा लागाय नको?"

"अवो, ही शेती न्हाय, चित्रकला हाय!"

"म्हणून लेकरांनी चुकीचं शिकायचं व्हय?"

दुपारी ओसरीवर जेवायला बसलो, तर ताटात कोवळी पालेभाजी.

"आई, भाजी लई बेस झालीया."

"तुझ्याच किल्ल्याची हाय," आई म्हणाली.

(मी आणखी एकदा मागून घेतली. आता काय लपवायचं!)

पुन्हा मोहरी पेरली. आप्पांनी तिला जोर यावा म्हणून पाटीभर शेणखत ओतलं. मावळे गळ्यापर्यंत गाडले गेले! ते उकरून काढतोय, तोवर एका संध्याकाळी मोठा बुरूज भुईसपाट. जवळच आमची म्हैस, चंद्री, दावं तोडून उभी होती. मी जागच्या जागी निकाल दिला आणि तिची रवानगी घरामागच्या परड्यात केली.

"मुकं जनावर हाय रं," आई म्हणाली. "डोळ्यानं बघितलास का?"

"मग दुसरं कोण करणार?"

स्वातीनं आणि पोरांनी निमूटपणे बुरूज पुन्हा बांधला. मोहरीही पुन्हा आली.

सभेआधी मी सिनेमाची सुरुवात बघितली. पोरं माती मळताना छान दिसत होती. पुढचं बघायची गरज वाटली नाही. (तज्ज्ञांना वाटत नाही.)

सभा भरली. आप्पा फेटा बांधून पहिल्या रांगेत. प्रोजेक्टर लागला, किल्ला उभा राहिला, हिरवा झाला. "वा!" असा आवाज उठला आणि पडद्यावर खुरपं घेतलेला राक्षसासारखा हात आला! मग भाजी वेचणारी आई. मागं ओसरीवर भुरके मारणारा मी. मग शेणखताचा डोंगर. पालक खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. हेडमास्तर हसत नव्हते. स्वाती हात जोडून बसली होती.

मग ती संध्याकाळ आली. पडद्यावर चंद्रीचा पत्ताच नव्हता! मी होतो. मोबाईल कानाला लावून आलो, इकडं तिकडं बघितलं आणि ऐसपैस बुरुजावर बसलो. पुढच्या फोटोत मी तिथंच. त्याच्या पुढच्या फोटोतही तिथंच! (फोन सासुरवाडीचा होता, मध्येच ठेवता येत नाही.) शेवटी उठलो, पँट झटकली आणि निघून गेलो. त्यानंतर चंद्री आली आणि तिनं बिचारीनं नुसतं हुंगलं.

"चंद्री सुटली!" आप्पा ओरडले.

हेडमास्तरांचाही बांध फुटला. पण सिनेमा चालूच होता. पोरांचे हात आले, बुरूज पहिल्यापेक्षा उंच झाला, त्यावर मोहरी हिरवीगार डोलायला लागली. आणि टाळ्यांचा कडकडाट! खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "तास ऱ्हाऊ दे सर. पण पुढच्या वर्षी किल्ला शाळेत."

यंदा किल्ला शाळेच्या मैदानात झाला. पोरांनी भोवती काट्याचं भक्कम कुंपण घातलं.

"अरे, इथं म्हैस कुठनं येणार?" मी विचारलं.

"म्हशीसाठी न्हाय सर," स्वाती म्हणाली आणि तिनं कुंपणाबाहेर माझ्यासाठी खुर्ची मांडली.