दादाचा नाका

"दादा, तुझ्या नाक्यावर अडवलेली रिक्वेस्ट जाते कुठं?" हे माझं ऑफिसात सगळ्यांना विचारून झालंय. दादा म्हणायचा, "गण्या, कामाला लाग." प्राजक्ताताई नुसती हसायची. विलासभाऊ म्हणायचे, "मलाच माहीत नाही, आणि मी मालक!" आमच्याकडं किस्से असेच साठतात, कोपऱ्यातल्या जुन्या कीबोर्डांसारखे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही.

ऑफिस चिखलीत, एका वर्कशॉपच्या माळ्यावर. चार माणसं: विलासभाऊ, कोड लिहिणारे संतोषदादा नि प्राजक्ताताई, आणि मी. चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनचं ॲप आम्ही चालवतो. कामगार मोबाइलवर जेवण सांगतो, ते सर्व्हरला जातं, थाळी तयार. संतोषदादानं मधे एक कोड टाकला. मोबाइलमधून बाहेर पडणारी प्रत्येक रिक्वेस्ट, म्हणजे मागणी, आधी तिथं थांबते, तपासली जाते, मग पुढं. कंपनीच्या गेटवर बाहेर जाणारा टेम्पो वॉचमन थांबवतो ना, तसंच. म्हणून नाव नाका. मी नववी नापास, मी टेस्टर. दिसेल ते बटण दाबायचं, हे माझं काम.

दादा गेल्या महिन्यात गेला. मोशीच्या पुढं, हायवेला. त्यावर मला बोलायचं नाही. तो गेला आणि कंपनीनं ताकीद दिली: नाक्यात गडबड आहे, ती महिनाअखेरपर्यंत काढा, नाहीतर ॲप बंद. ॲप बंद म्हणजे ऑफिस बंद. आणि दादाच्या फाइलला हात लावायला तिघांतलं कुणी तयार होईना! ते सांगतोच, पण आधी मजा ऐका.

*

नाका जन्मला माझ्यामुळं! पहिल्या टेस्टला मी 'पाठव' दाबलं. काही हललं नाही. मला धीर कुठला? दाबत सुटलो. तिकडून कँटीनच्या शेळकेमामांचा फोन, "ओ, कंपनीत लग्न हाय का? शिरा किती करू?"

दादानं डोक्याला हात लावला आणि त्याच दिवशी कोड लिहिला. एक रिक्वेस्ट पुढं, तिचं उत्तर येईपर्यंत बाकीच्या मागं!

*

मग त्यानं सोय केली, की नेट नसेल तर रिक्वेस्ट नाक्यातच थांबेल आणि नेट आलं की सुटेल. एकदा प्लांटचं वायफाय सकाळी गेलं ते दुपारी आलं. सेकंड शिफ्ट जेवायला बसली, तर समोर पोह्यांचा डोंगर!

एक जण म्हणाला, "मामा, हे कालचे का?"

"न्हाई रं, पोहे ताजे हायेत. ऑर्डर शिळी हाय!"

*

सर्व्हर बंद असला की टेस्टिंगसाठी नाका स्वतःच खोटं उत्तर द्यायचा. दादानं त्यात खोटा मेनू टाकला होता, मटण, भाकरी, तांबडा रस्सा. तो चुकून लाइव्ह गेला. तोही गुरुवारी! शाकाहारी कँटीनमध्ये! ही रांग लागली. विलासभाऊ घाम पुसत पोचले.

"मटण कुठाय?" रांग ओरडली.

दादा मागून म्हणाला, "भावा, ते फक्त मोबाइलात शिजलंय!"

*

नाक्याचं कागदावरचं नाव इंटरसेप्टर. कंपनीच्या एचआरच्या साहेबांनी विचारलं, "हे इंटरसेप्टर म्हणजे नेमकं काय?" दादानं सरळ गेटवरच्या वॉचमनकडं बोट केलं, "हे काका!"

काकांनी तिथूनच हात जोडले, "साहेब, मी कायबी केलं न्हाई!"

*

दादा गेल्यानंतर नवीन स्क्रीन तपासत होतो. चित्त थाऱ्यावर नव्हतं, बटण नुसतं बडवत होतो. एकदम पाटी आली, "गण्या, एकदाच दाब. मी बघतोय."

माझ्या लॉगिनसाठी वेगळी पाटी! इतकं मी आधी कधी दाबलं नव्हतं, म्हणून ती कधी दिसलीच नव्हती. विलासभाऊ हसले, मी हसलो, पोट दुखेपर्यंत. ताई गच्चीवर निघून गेली. मी दिवसभर ते बटण दाबलं.

*

आता ती गडबड. लॉगिन नसलेल्याची रिक्वेस्ट आली, की नाक्यानं ती परत पाठवायला हवी. दादाचा नाका तिच्यावर दादाचंच नाव लावून पुढं सोडायचा. टेस्टिंगचं राहिलं की मुद्दाम ठेवलं, देव जाणे. कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला असलेल्या पोरांना लॉगिन नव्हतं, ठेकेदारानं त्यांची नावंच दिली नव्हती. साहेब चक्रावलेले, "हा संतोष माणूस आहे का हत्ती? एका दुपारी एवढ्या थाळ्या?"

मी बघायला गेलो. मामा थाळी सरकवून ओरडले, "संतोष!"

"आलो!" सगळ्या टेबलांवरून.

"एकानं या रं! सगळे कशाला उठताय?"

मी खिडकीशी उभा राहून हसलो. मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

ताईचा फोन आला, "दादाचं नाव लावणारी ती ओळ काढू का? तू म्हणशील तसं."

"थांब जरा," म्हटलं, आणि साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. "पोरांना लॉगिन द्या, तेव्हाच उठतो."

"ठेकेदाराला विचारावं लागेल."

"विचारा. मी बसलोय."

संध्याकाळी साहेब वैतागून म्हणाले, "घे बाबा!" मग मी गेटवर उभा राहून एकेका पोराच्या मोबाइलवर लॉगिन काढून दिलं, ज्याच्या त्याच्या नावानं.

काल दुपारी कँटीनला गेलो. मामा हाका मारत होते, "बालाजी! इम्रान! सचिन!" ज्याचा तो उठत होता. मी माझ्या मोबाइलवर लॉगआउट झालो आणि एक थाळी सांगितली.

मामांनी ती भरली. "संतोष!"

कुणीच उठेना. पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"आलो," मी म्हणालो.

थाळी घेतली, पोरांच्यात बसलो, सगळी संपवली. ताट ठेवलं आणि ताईला फोन लावला.

"ताई, काढ."