ओढून न्यायचं घर

वंडी विकायची असं ठरलं, तेव्हा ती आठ महिने एका जागी उभी होती. चेन्नईबाहेर, पूनमल्लीच्या पलीकडे बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका मिस्त्रींचं आवार आहे, तिथे कडुनिंबाखाली. मैलापुरात आमच्या गल्लीत स्कूटर लावायची मारामार, तिथे एवढं धूड कुठे ठेवणार?

वंडी म्हणजे तमिळमध्ये गाडी, कुठलीही. आमच्या घरात मात्र वंडी म्हणजे एकच, ती जुनी मिनीबस. तिच्या सीटा काढून ह्यांनी तिचं घर केलं होतं. हे म्हणजे माझे यजमान. चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या संरक्षण कारखान्यात फोरमन होते. निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं त्यांचा एकूण एक रविवार त्या बसमध्ये गेला. दोघांपुरती झोपायची जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना जाळ्या. एकेक स्क्रू त्यांनी स्वतः पिळला.

मी सांगलीची. बँकेतल्या बदलीने टी. नगरला आले ती तीन वर्षांसाठी, आणि इथलीच झाले. ह्यांचं घर तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तिथे काढलेलं मराठी घर. पहिल्या भेटीत त्यांची मराठी ऐकून मला हसू आवरेना. मी ‘सगळं’ म्हणायची, ते ‘अस्कि’ म्हणायचे. मी ‘का’ विचारायची, ते ‘काय म्हणून’. आता मीही अस्कि म्हणते, आणि सांगलीला गेले की भाऊ हसतो.

आम्हाला मूल झालं नाही. निवृत्तीनंतर पाच वर्षं आम्ही वंडीतून फिरलो. ते चालवायचे, मी मागे पडून वाचत असायची. ओट्याशी उभं राहिलं की त्यांचं डोकं आणि पुढच्या काचेतून पलीकडचा रस्ता दिसायचा. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग तिंडीवनमजवळचा तो दिवस आला. कुंभकोणमहून परत येत होतो. दुपारचे चार वाजले असतील. चहासाठी थांबायचं म्हणून ह्यांनी गाडी हमरस्त्यावरून बाजूच्या रस्त्याला घेतली. मी नुकतीच पुढे येऊन बसले होते. डाव्या हाताला एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालली होती. मला वाटलं, हे आता गाडी उजवीकडे घेतील. त्यांनी घेतली नाही. आमचा आरसा भाऱ्याला लागला आणि बाई भाऱ्यासकट खाली गेली.

“थांबवा! बाई पडली!” मी ओरडले.

त्यांनी ब्रेक मारला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “कुठली बाई?”

ते दोन शब्द मी अजून विसरलेले नाही. त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. भरधाव जाताना दुर्लक्ष झालं, असं नव्हे. आम्ही बैलगाडीच्या वेगाने जात होतो.

बाईचं कोपर सोललं होतं, गुडघ्याला मार होता. आम्ही तिला वंडीत बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सने जखम धुऊन पट्टी बांधली, हात हलवून पाहिला, हाड मोडलेलं नाही म्हणाली. बाईला पट्टीपेक्षा वैरणीची काळजी. गाय उपाशी राहील, असं पुन्हापुन्हा म्हणत होती. तो भारा आम्ही वंडीत चढवला आणि तिला घरी सोडलं. दारात ह्यांनी तिच्यापुढे हात जोडले आणि तमिळमध्ये म्हणाले, “चूक माझी आहे, अम्मा.” ती भारा घेऊन आत गेली.

तिथून चेन्नईपर्यंत मी डावीकडे बसून रस्ता सांगत आले. ‘सायकल आहे.’ ‘शेळ्या आहेत.’ ‘आता मोकळं आहे.’ ते मान हलवत राहिले. चहा राहूनच गेला.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. समोर नजर ठेवायची आणि कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. सुरुवातीला बटणाचा आवाज भराभर आला. मग मध्ये बराच वेळ आवाजच नाही. मला वाटलं, तपासणी संपली. संपली नव्हती. ठिपके येत होते, ह्यांना दिसत नव्हते.

“काचबिंदू आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या आमच्या निम्म्या वयाच्या असतील. “समोरचं नीट दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. बाजूची नजर हळूहळू जाते. गेलेली परत येणार नाही. राहिली आहे ती सांभाळायची.”

“गाडी?” ह्यांनी विचारलं.

“नाही, सर.”

“फक्त दिवसा, हळू?”

“नाही.”

खाली उतरल्यावर ह्यांनी खिशातून वंडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी ती पर्समध्ये टाकली.

त्यानंतरचे आठ महिने दर रविवारी आम्ही मिस्त्रींच्या आवारात जायचो. मी किल्ली द्यायची, हे इंजिन सुरू करायचे, दहा मिनिटं चालू ठेवायचे, बंद करायचे. एका रविवारी मी म्हटलं, “मी चालवून बघते.”

माझा गाडीचा परवाना जुना आहे, पण माझी गाडी छोटी. वंडीचा क्लच दाबायला मला सीटच्या कडेवर यावं लागलं. आवारातल्या आवारात एक फेरी मारली, तेवढ्यात मागचा कोपरा पाण्याच्या पिंपाला लागला आणि पिंप आडवं झालं. मी उतरून पिंप उभं केलं.

“नको,” हे म्हणाले. “अस्कि नको. विकून टाकू.”

मिस्त्री हात पुसत आमच्यापाशी आले. ह्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, कारखान्याच्या दिवसांपासून ह्यांना ‘सार’ म्हणणारे. शेडमध्ये त्यांनी कुणासाठी तरी एक कॅरव्हान बांधायला घेतली होती. त्या माणसाने मध्येच नको म्हणून कळवलं होतं. सांगाडा, चाकं, पत्रे तयार होते, आत रिकामं होतं.

“हिला इंजिन नाही, सार,” ते म्हणाले. “गाडीच्या मागे जोडायची. मॅडमना गाडी येते. गाडी दणकट हवी, एवढंच.”

हे शेडच्या दारातूनच म्हणाले, “घर काय ओढत न्यायचं असतं?”

“मग इथे बसून राहायचं का?” मी विचारलं.

ते गेटकडे चालू लागले. घरी जेवताना मात्र विचारलं, “त्यात ओटा कोणत्या बाजूला घेशील?”

वंडी कोइंबतूरच्या एका तरुण जोडप्याने घेतली. ती दोघं आली त्या सकाळी ह्यांनी त्यांना अस्कि दाखवलं. टाकीचा नळ कसा अर्धाच फिरवायचा, पावसात कोणती खिडकी गळते, चढावर कुठला आवाज आला तर घाबरायचं नाही. मग त्या मुलाला चालकाच्या जागी बसवून त्याच्या उंचीला आरसे लावून दिले. डावा आरसा लावायला त्यांना वेळ लागला. वंडी गेटबाहेर पडली आणि कोपऱ्यावर डावीकडे वळली. माझ्या नजरेआड व्हायच्या आधीच ती त्यांच्या नजरेआड झाली असणार, हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं.

कॅरव्हान तयार व्हायला पावसाळा गेला. आतलं काम ह्यांनी मिस्त्रींबरोबर केलं. माप हाताने घ्यायचे, कडा अंगठ्याने तपासायचे. आम्ही छोटी गाडी देऊन एक जुनी, जड डिझेल गाडी घेतली, कॅरव्हान मिस्त्रींच्याच आवारात ठेवायची ठरली, कागदपत्रं झाली, आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली.

पुढे जाणं अवघड नव्हतं. ओढत न्यायचं, वळण मोठं घ्यायचं, ब्रेक लवकर लावायचा. मागे घेताना मात्र सगळं उलटं. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की कॅरव्हान उजवीकडे जाते. थोडं जास्त फिरवलं की ती गाडीशी काटकोनात दुमडते. मिस्त्रींच्या ओळखीने एका मंगल कार्यालयामागचं मोकळं मैदान सकाळी वापरायला मिळालं. चार विटा रचून आम्ही जागा आखली. त्या चार विटांच्या आत कॅरव्हान घालायची, बस.

“हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला धर,” हे म्हणाले. “वर नको. आता मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, त्या बाजूला हात ने. डोकं चालवू नकोस, हात चालव.”

युक्ती बरोबर होती. पण माझं डोकं मध्ये यायचंच. तिसऱ्या सकाळी मी एका विटेचे दोन तुकडे केले. हे मागून ओरडत होते, “उजवीकडे! काय म्हणून थांबलीस? घे मागे, घे!” मी घेतली, आणि कॅरव्हानचा डावा कोपरा कुंपणाच्या खांबावर घासला. नव्या पत्र्यावर हातभर ओरखडा.

मी खाली उतरले. “तुम्ही मागे उभे होतात ना? खांब दिसला नाही?”

त्यांनी ओरखडा हाताने चाचपला.

“दिसत नाही तर ओरडता कशाला?” मी म्हटलं.

तोंडातून गेलं. परत घेता येण्यासारखं नव्हतं. हे मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसले. मी गाडीत बसून राहिले. कार्यालयात कुणीतरी खुर्च्या मांडत होतं, त्यांचा आवाज येत होता. तीस वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो नव्हतो असं नाही, पण मी त्यांना त्यांच्या उणिवेवरून कधी बोलले नव्हते. बँकेत मी उद्धट गिऱ्हाइकांपुढेही तोंड सांभाळलं, आणि इथे सुटलं. त्यांच्याकडे जावं असं वाटत होतं, पण दाराला हात घालवेना.

तेच आले. माझ्या खिडकीशी वाकले.

“मला डावं-उजवं दोन्ही एकदम दिसत नाही,” ते म्हणाले. “एकच वस्तू दिसते. मी आता मागचं एक चाक बघतो. फक्त चाक. ते कुठे चाललंय तेवढं सांगतो. बाकी अस्कि तू बघायचं.”

“माझं चुकलं,” मी म्हटलं.

“आधी गाडी पुढे घे. सरळ कर.”

ते मागे जाऊन जिथून एक चाक दिसेल अशा जागी उभे राहिले. मी खाली हात धरला. “मेदुवा,” त्यांचा आवाज आला. म्हणजे सावकाश. “मेदुवा... विटेकडे येतंय... अजून... पुरे.” मी आरशातून खांब बघितला, दुसरी बाजू बघितली, थांबले. कॅरव्हान विटांच्या आत पुरती नव्हती, एक कोपरा बाहेर होता. पण काही मोडलं नव्हतं. त्या सकाळी आम्ही ते अकरा-बारा वेळा केलं. उन्हाने मैदान तापलं तेव्हा घरी निघालो.

पोंगल झाल्यावर पहिल्यांदा निघालो. ह्यांच्या आजोळच्या गावाजवळ, कावेरीच्या एका फाट्याच्या काठी, त्यांच्या नात्यातल्यांची नारळाची बाग आहे. तिथे चार दिवस राहायचं होतं. चालत्या कॅरव्हानमध्ये कुणी बसायचं नसतं, म्हणून दोघंही पुढे. वंडीत मी मागे लोळत जायची सवय होती. आता पूर्ण रस्ता आम्ही शेजारी होतो, आणि पहिले दोन तास बोलायला काही सापडेना. त्यांचे पाय मधूनमधून नसलेला ब्रेक दाबत होते. चेंगलपट्टूनंतर ते म्हणाले, “तू गिअर उशिरा टाकतेस.” मला बरं वाटलं.

बागेत पोचलो. त्यांनी चाक बघितलं, मी बाकी. तिसऱ्या खेपेला कॅरव्हान जागेवर गेली. पातळी बघायची पाणसळ कॅरव्हानच्या तळावर ठेवून त्यांनी तिच्या चारही टेकूंचे पाय खाली सोडले, जमीन हाताने चाचपून पायांखाली फळ्या सरकवल्या, आणि मी गाडी सोडवून बाजूला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे डोळ्यांचे थेंब संपत आलेत हे माझ्या लक्षात आलं. वंडीत असतो तर अस्कि आवरून, टाकी बंद करून, दोघंही गावात गेलो असतो. आता गाडी मोकळी होती.

“मी जाऊन येते,” मी म्हटलं. “तुम्ही बसा.”

“जा.”

गावातलं दुकान उघडलेलं नव्हतं, मालक येईपर्यंत थांबावं लागलं. पाऊण तास झाला. परत आले तर हे कॅरव्हानच्या पायरीवर बसले होते आणि ओट्यावर दोन पेले कॉफी झाकून ठेवलेली होती. निवली होती, पण मी प्यायले. थेंब घातले. दुपारी भात वाढताना त्यांच्या डाव्या मनगटाला पांढरा फोड दिसला.

“हे काय?”

“पातेलं.”

“सांगितलं का नाही?”

“तू थेंब आणायला गेलेलीस. त्यात काय सांगायचं?” त्यांनी ताट पुढे ओढलं. मग घास न घेताच म्हणाले, “पातेल्याने काही वाटलं नाही. गाडीचा आवाज गेला ना, तेव्हा वाटलं. वंडीत मी तुला कुठे सोडून गेलो नव्हतो, ना तू मला. इथे बसलो आणि किती वेळ झाला कळेना.”

“दुकानात मला पण तसंच झालं,” मी म्हटलं. “दोनदा वाटलं, औषध राहू दे, परत जावं.”

“मग काय म्हणून नाही आलीस?”

“थेंब हवे होते.”

ते मान हलवून जेवू लागले. जेवण झाल्यावर मी फोडावर मलम लावलं. मग त्यांना ओट्याशी उभं करून त्यांचा हात धरला आणि शेगडीचं बटण, पातेल्याचा दांडा, सांडशी, एकेक दाखवत गेले. त्यांनी स्वतःच बसवलेली शेगडी होती ती. तरी ते निमूटपणे शिकत राहिले. “परत एकदा,” म्हणाले. मी परत एकदा पहिल्यापासून दाखवलं.