भुकेचं माप

मेडिकलमधल्या औषधांना एक्स्पायरी असते, किश्शांना नसते. ते काउंटरमागं नुसते साठत राहतात. जळोचीत आमचं दुकान आहे, मी आणि माझे मिस्टर आलटून पालटून बसतो. पूर्वी लोक भूक लागत नाही म्हणून टॉनिक न्यायला यायचे. आता भूक लागते म्हणून येतात.

*

आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, तात्या. ऊसवाले, देहानं भारदस्त. शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्यांना भूक कमी करायच्या गोळ्या दिल्या. महिन्यानं आले, तर वजन होतं तिथंच.

"तात्या, भूक लागते का अजून?"

"न्हाय. पार मेली."

"मग जेवता कशाला?"

"पंगतीला बसल्यावर ताटावरनं उठायचं व्हय? लोक म्हनत्याल, ह्यांचं कायतरी बिनसलंय."

*

हायस्कूलच्या एक मॅडम भूक कमी करायचं, आठवड्याला एक असं इंजेक्शन घेत होत्या. वजन उतरलं, चेहरा खुलला. पण फोडणीच्या वासानं त्यांना मळमळायला लागलं. एक दिवस त्यांचे मिस्टर तणतणत दुकानात आले. "ताई, हे औषध बंद करायला सांगा तिला."

मला वाटलं, चला, एका तरी नवऱ्याला बायकोची काळजी आहे.

"ती जेवत नाही त्याचं काही नाही हो," ते म्हणाले. "स्वयंपाक करत नाही!"

*

आमच्या शेजारच्या सुमनकाकींची पल्लवी. अंगानं भरलेली, हसरी, गरम भाकरी तव्यावरून उतरायची वाट न बघणारी पोरगी. तिला इंदापूरकडचं बागायतदार स्थळ आलं. सासूबाईंचा निरोप आला, "पोरगी पसंत हाय. जरा बारीक झाली, की साखरपुडा उरकू."

पुढच्याच आठवड्यात काकी त्याच इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन हजर.

"काकी, पल्लवीला ना शुगर, ना काही. डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हनलं, गरज न्हाय."

"मग ही चिठ्ठी?"

"ती दुसऱ्या डॉक्टरची हाय."

*

पल्लवी बारीक झाली. साखरपुडा झाला आणि घरोघरी केळवणं सुरू झाली. म्हणजे जिनं खाऊ नये म्हणून औषध चालू, तिलाच रोज कुणी ना कुणी आग्रह करून वाढणार.

सुपे गावातल्या तिच्या मावशीकडं मीही गेले होते. मावशीनं पुरणपोळीवर तुपाची धार सोडली. पल्लवीनं कसेबसे दोन घास गिळले आणि ती मोरीकडं पळाली. उलटीचा आवाज बाहेर माजघरापर्यंत आला.

मावशीनं डोळ्याला पदर लावला. "माहेर सुटायचं म्हनून घास उतरंना माझ्या लेकराला."

सगळ्या बायका रडल्या. सुमनकाकीही रडल्या. मला मात्र त्यांचा संताप आला, कारण ते इंजेक्शन त्यांच्याच फ्रीजमध्ये होतं.

*

लग्नाला आता वर्ष होत आलं. परवा पल्लवी दुकानात आली, सोबत सासूबाई. पोरीची गळ्याची हाडं दिसत होती. इंजेक्शन कधीच बंद झालं होतं, तरी पहिल्यासारखं जेवण काही जात नव्हतं.

"हिला भूक लागायचं कायतरी द्या," सासूबाई म्हणाल्या. "दिवस ऱ्हाईनात. डॉक्टर म्हनत्यात, आदी अंगात कायतरी असाया पायजे. आमच्या घरात काय खायाला कमी हाय व्हय?"

मी टॉनिकची बाटली काढली. बाटली हातात तशीच धरून पल्लवीला विचारलं, "भूक लागते का गं तुला?"

पल्लवीनं माझ्याकडं बघितलं नाही. सासूबाईंकडं वळली आणि अगदी हळू म्हणाली, "किती लागाया पायजे, आत्या?"