कोपरं तपासणारे डॉक्टर

मुलाच्या तोंडाकडे न बघता आधी त्याचं कोपर बघणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो नेमका मानोऱ्याजवळच्या आमच्या खेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून आला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिथे शाळामास्तर होतो. पोर खोकला घेऊन येवो की खरूज, डॉक्टर आधी बाही वर सारत, कोपर चाचपत, टाचा दाबत. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या मुलाचं कोपर असं काही ओढलं, की त्याच्या हातातलं सारं वरण नवरदेवाच्या मामाच्या अंगावर गेलं. "रक्तात कोलेस्टेरॉल, म्हणजे चरबी, फार झाली की इथे पिवळ्या गाठी येतात, मास्तर. काही घराण्यांत हे जन्मतःच असतं, आणि हृदय ऐन तरुणपणी बंद पडतं. प्रत्येक मुलाचं रक्त तपासलं पाहिजे!" पाहणीला आलेले मोठे साहेब हसून म्हणाले, "अहो, ही पोरं दुधाला महाग, आणि तुम्ही चरबी कसली शोधता?" मीही हसलो होतो. त्याची आज लाज वाटते.

कारण गाठी सापडल्या. माझ्याच वर्गात, तिसरीतल्या एका मुलीच्या कोपरांवर. तिचा बाप ऐन तिशीत वखर हाकताना छाती धरून कोसळला होता. तिचं रक्त उपाशीपोटी काढून एस.टी.ने अकोल्याला पाठवायचं होतं. पहिल्या खेपेला आईने पोरीला शिरा चारून आणलं. "उपाशी लेकराचं रगत काढू देनारी माय असते काय, सायेब?" दुसऱ्या खेपेलाही शिराच. तिसऱ्या खेपेला डॉक्टर स्वतःच उजाडताना तिच्या दारात जाऊन बसले, चुलीवर नजर ठेवून. गावाला वाटलं, डॉक्टर शिऱ्यासाठी बसलेत.

अहवाल आला, चरबी चौपट होती. डॉक्टरांनी तो माझ्यासमोर तीनदा वाचला. त्यावर त्यांच्याजवळ औषध नव्हतं, आणि अकोल्यातही नव्हतं. "तिचं तूप-लोणी बंद करा," ते आईला म्हणाले. ती बघतच राहिली. "तूप आमच्या घरी हाये कुठं, सायेब? त्या शिऱ्यापुरतं शेजारून मांगून आनलं होतं. आता काय बंद करू, सांगा ना." डॉक्टर अहवालाची घडी घालत-उलगडत राहिले. इतका हताश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे त्यांची बदली झाली, तरी दर महिन्याला मला त्यांचं कार्ड यायचं. मजकूर एकच, "पोरगी कशी आहे?" मी "बरी आहे" असं लिहायचो, आणि दोन वर्षं ते खोटं तरी नव्हतं. ती गेली तेव्हा पाचवीत होती. मी कार्ड घेऊन बसलो, पत्ता लिहिला, आणि पुढे हात चालेना. उत्तर गेलं नाही, आणि त्यांचंही कार्ड पुन्हा आलं नाही.