उंचावलेला तळवा

मुलाकडे परदेशी गेलो होतो, तेव्हा तिथल्या यादवी युद्धातली निर्णायक लढाई जिथे झाली ती टेकडी पाहायला गेलो. संग्रहालयात एक मोठं चित्र होतं. संध्याकाळ, विरत चाललेला धूर आणि घोड्यावर बसलेला सेनापती, एक तळवा वर केलेला. मला तो हल्ल्याचा हुकूम वाटला.

मुलाने खालची पाटी वाचली. "लढाई संपलीय, बाबा. विजयाचे नगारे वाजवू नका म्हणतोय तो."

आमच्यासोबत आलेले माझे दाजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ते हळूच म्हणाले, "पलीकडं पडलेली पण घरचीच माणसं की."

मला आमच्या गावातली एक वरात आठवली. बांधावरून ज्या घराशी काकांचं बोलणं बंद होतं, तिथे आदल्या दिवशी मयत झालं होतं. ते दार जवळ आलं तसा पुढे चालणाऱ्या काकांनी असाच तळवा वर केला. ताशेवाल्यांनी ताशे पोटाशी धरले आणि अख्खी वरात मुकाट्याने पुढे गेली.

दिवसभर त्या सेनापतीच्या शब्दावर माणसं गोळ्यांसमोर गेली असतील. ते मोठंच. पण जिंकलेल्या फौजेला नुसत्या तळव्याने गप्प करायचं, हे मला त्याहून अवघड वाटतं.

संग्रहालयाच्या लाकडी जमिनीवरून येताना आमचे बूट चांगले खाडखाड वाजले होते. परतताना तिघंही पावलं जपून टाकत होतो.