भोजकट बाभुळगावला आहे

आमच्या घरात मला कोणी काही विचारत नाही, तरी मी सांगतो. यवतमाळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे ही खोड पोटापाण्याची आहे असं मी बायकोला पटवून ठेवलं आहे. लग्नाचा मांडव असो की दवाखान्याचा बाक, पोरं सापडली की मी त्यांना रामायण-महाभारतातल्या राज्यांचा नकाशा समजावतो. मावसभावाची बदली भागलपूरला झाली तेव्हा मी त्याला अंगराज म्हणू लागलो. पुतणीला जयपूरकडचं स्थळ आलं, तर मी मांडवात मत्स्य देश आणि विराट राजा घेऊन बसलो. कंदाहार म्हणजे गांधार, हे तर आता पोरंच मला आधी सांगून टाकतात, मी लवकर थांबावं म्हणून. या सगळ्या जागांवर विद्वानांचं एकमत आहे असं नाही, पण पंगतीत पुरावा कोण मागतो?

हीच नावं आमच्या घरात एका दुःखाच्या कामाला आली.

आम्ही तीन भावंडं. थोरला दादा, मधली ताई, शेवटचा मी. वडील लवकर गेले, तेव्हा दादाच घरचा कर्ता झाला. ताईनं कॉलेज संपता संपता दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि त्याच्या नोकरीच्या गावी, बिलासपूरला, निघून गेली. दादा तिला परत आणायला निघाला. जाताना ओसरीत चार माणसांसमोर म्हणाला, "तिले घेतल्याबिगर या घरात पाय ठेवणार नाई."

ती आली नाही. दादा धामणगाव स्टेशनवर उतरला, आमच्या गावाकडची एसटी धरली आणि बाभुळगावला मधेच उतरून गेला. तिथून आमचं गाव किती लांब, तर एसटीत डुलकी लागायच्या आत येतं. पण दादा पुढं आला नाही. त्यानं तिथंच खोली केली, बियाण्या-खताचं दुकान टाकलं, संसार केला, पोरं मोठी केली. शेत मात्र त्यानंच पाहिलं. पेरणीला, कापूस वेचणीला यायचा आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंबाखाली बसायचा. माय भाकर बांधून तिकडं जायची. मायलेकाची भेट ती तेवढीच.

ताईचं नाव दादासमोर काढायचं नाही, आणि गावासमोर मायलाच काढवत नसे. एकदा तिनं मला हळूच विचारलं, "हे बिलासपूर कुठं आलं रे?"

"दक्षिण कोसल, माय. कौसल्येचं माहेर म्हणतात तिकडं."

"म्हणजे रामाचं आजोळ?"

"हो."

त्या दिवसापासून बिलासपूर हा शब्द पुन्हा मायच्या तोंडी आला नाही. शेजारणीनं लेक कुठं असते विचारलं की ती मान वर करून सांगायची, कोसलात. मला फोनवर विचारायची, "कोसलात पाणी पडलं काय? कोसलात सारे बरे हायेत ना?" मी आकाशवाणीसारखा बातम्या द्यायचो.

बाभुळगावाला भोजकट म्हणायला मी लागलो. आम्ही वैदर्भीय लोक रुक्मिणीला घरची लेक समजतो. तिचं कुंडिनपूर ते आताचं वर्धेकाठचं कौंडण्यपूर, असं सांगताना आमची छाती फुगते, आणि जावयाचं कौतुक तर विचारूच नका. तिचा भाऊ रुक्मीही आमचाच, पण त्याला कोणी मिरवत नाही. बहीण त्याच्या मनाविरुद्ध गेली म्हणून तो रथ घेऊन मागं धावला, तिला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात येणार नाही असं बोलून बसला, हरला आणि वाटेत भोजकट नावाचं गाव वसवून तिथंच राहिला. काही जण म्हणतात, अमरावतीजवळचं भातकुली ते हेच. नकाशावर पाहा, कौंडण्यपूर आणि भातकुलीत अंतर ते केवढंसं. एवढ्या जवळ राहून माणूस जन्मभर घरी जात नाही, यावर पोरं हसतात. माय हसली नव्हती.

"मंग पुढं त्या रुक्मीचं काय झालं?"

"तिथंच राह्यला," मी म्हणालो. पुढं नातवंडाच्या लग्नात, सोंगट्यांच्या भांडणात, सोयऱ्यांच्याच हातून तो मेला, ते मी तिला सांगितलं नाही. आमच्या घरी तसलं काही अजून घडायचं राहिलंय अशी मला धास्ती वाटे.

ताई दर दिवाळीला यायची. धामणगावची एसटी बाभुळगावच्या स्टँडवर थांबते आणि दादाचं दुकान स्टँडसमोरच. एका वर्षी मी तिला आणायला धामणगावला गेलो होतो. गाडी थांबली तेव्हा दादा गिऱ्हाइकाला थैली उचलून देत होता. गाडी पाहिली आणि आमच्याकडं पाठ करून उगाच पोती सरळ करू लागला. ताई खिडकीतून पाहत राहिली. गाडी सुटल्यावर म्हणाली, "दादाचे केस पांढरे झाले काय रे?"

"कधीचेच."

बाकीच्या वाटेनं आम्ही काही बोललो नाही. मीसुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

यंदा माय अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं. दादा रोज दवाखान्यात येऊन बसायचा, दवाखाना काही घर नव्हता. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण आता चालणं घरातल्या घरात, तेही आधारानं. घरी न्यायच्या आदल्या दिवशी माय दादाला म्हणाली, "आता माह्यानं धुऱ्यावर येणं होत नाई, बाप्पा."

दादा खाली पाहत म्हणाला, "पाहू."

"काय पाहतं? मी पाहूनच राह्यली इतके वर्षं."

तो उठून बाहेर गेला. मी आणि बायको रजा काढून तिच्यासोबत गावच्या घरी राहिलो. माय भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. जेवण समोर आलं की विचारायची, दादा जेवला असंल काय. ताई यायला निघणार होती, पण तिच्याबद्दल काही विचारेना.

दोन-तीन दिवसांनी दादाचा फोन आला.

"लहान्या."

"बोल, दादा."

"ते कोसलची गाडी... धामणगावले कधी लागते?"

हा शब्द त्याला कधीपासून माहीत होता कोण जाणे. मी इतका गडबडलो की आधी त्याला म्हणालो, खरं म्हणजे ते दक्षिण कोसल, उत्तरेतलं कोसल वेगळं.

"टाईम सांग."

मी वेळ सांगितली आणि विचारलं, "मी पण येऊ काय स्टेशनवर?"

"तू कायले? तू बोलत बसशील."

म्हणून स्टेशनवरचं मला ताईकडून कळलं तेवढंच. दादानं तिची बॅग घेतली, "गाडी लेट झाली," म्हणाला. ती "हो" म्हणाली. बाभुळगावला वहिनीनं दोघांना चहा पाजला. पुढच्या वाटेवर दादानं फक्त एकदा विचारलं, खिडकी लावू काय, गार लागते काय.

दुपारी दादानं भाड्यानं केलेली गाडी आमच्या दाराशी थांबली. ताई उतरून सरळ आत आली. दादा बॅग धरून ओसरीच्या खाली थांबला. ताई मागं वळली.

"काय झालं?"

"काही नाई."

त्यानं चपला काढल्या, वर आला आणि पाय धुवायला सवयीनं डाव्या हाताला गेला. तिथं आता भिंत आहे. तो भिंतीसमोर उभा राहिला.

"इथं न्हाणी होती ना?"

"कवाच काढली. तिकडं आहे, चाल," ताई म्हणाली आणि पुढं झाली. तो तिच्या मागं मागं गेला.

आतून मायचा आवाज आला, "कोन हाय?"

ताईच म्हणाली, "आम्ही हाओ, माय."

"आम्ही कोन?"

"मी अन् दादा."

आम्ही खोलीत गेलो तेव्हा माय कोपरावर रेटून उठायचा प्रयत्न करत होती. ताईनं तिला धरलं. मायनं धड पाय हळूहळू भिंतीकडं सरकवला आणि खाटेवर मोकळ्या झालेल्या जागेवर हात ठेवला.

"बस," ती दादाला म्हणाली.

तो अगदी काठावर बसला, परक्या घरी बसतात तसा. मायनं त्याचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि डोळे मिटले. ताई उशाशी उभी होती. मी काहीतरी बोलणारच होतो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी पाणी आणायला आत गेलो.